काहीही आढळले नाही

बाहेरच्या जगात लिहिलेल्या प्रत्येक पानाला सापडण्याची हौस असते. साबुदाणा वडा तेलात न फुटता कसा तळावा, हे लिहिणारा माणूससुद्धा रात्री जागून शीर्षक बदलतो, मोक्याचे शब्द पेरतो, चित्राखाली ओळ लिहितो. कारण कुणी वडा शोधलाच तर आपण पहिल्या पाचांत दिसावं, एवढीच त्याची आस असते. कचेरीतल्या कागदाचा स्वभाव नेमका उलटा. तो सापडण्यासाठी लिहिलेलाच नसतो. वरच्यांनी मागितला म्हणून खालच्यांनी लिहिला, आणि मधल्यांनी 'माहितीस्तव' असा शेरा मारून पुढे सरकवला, एवढंच त्याचं चरित्र. सही झाली, की त्याचं इहलोकीचं कार्य संपतं आणि तो कुठल्याशा फोल्डरमध्ये समाधी घेतो. काही कागद तर, मला दाट संशय आहे, आपण कधीच कुणाच्या हाती लागू नये अशी मनोमन प्रार्थना करत असतात, आणि त्यांचे लेखकही त्या प्रार्थनेत हात जोडून सामील असतात. अशा लाजऱ्या, विरक्त आणि क्वचित अपराधी कागदांना त्यांच्या बिळांतून हुडकून काढण्याच्या विद्येला 'एंटरप्राइझ सर्च' असं भारदस्त नाव आहे. ज्या कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करतो, तिथे या विद्येची उपासना बराच काळ चालू आहे, आणि चहाच्या टपरीवर तिच्या कहाण्या ऐकण्याचा छंद मला जडला आहे.

जगाचा शोध सोपा आणि घरचा अवघड, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली, तिच्या मुळाशी एक साधी, जवळजवळ गावकीतली वाटावी अशी कल्पना होती. ज्या पानाकडे पुष्कळ पानं बोट दाखवतात ते पान वजनदार, आणि वजनदार पानानं ज्याच्याकडे बोट दाखवलं ते अधिकच वजनदार. थोडक्यात, चार शहाणी माणसं ज्याला नमस्कार करतात त्याला आपणही करावा. पण कचेरीत कोण कुणाकडे बोट दाखवतं? म्हणजे दाखवतात, पण ते कागदांबद्दल नसतं. आमच्या पत्रांत वर 'संदर्भ' म्हणून एक ओळ असते खरी, 'आपले दिनांक अमुकचे पत्र', पण ते पत्र पुन्हा वेगळं शोधावं लागतं. गूगलनं २००२ मध्ये खास कंपन्यांसाठी एक पिवळ्याधमक रंगाची पेटी विकायला काढली होती. ती आपल्या खोलीत ठेवायची, तारा जोडायच्या, आणि तिनं आपले कागद चाळायचे. २०१६ मध्ये त्यांनीच ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला त्या पेटीबद्दल उगाच माया वाटते. साऱ्या जगाचा पत्ता सांगणाऱ्या घराण्यात जन्म घेऊन आयुष्य कुणाच्या तरी प्रवासभत्त्याच्या फॉर्मांत काढायचं, हे नशीब काही साधं नाही.

या यंत्रांच्या पोटात जे चालतं ते मात्र फार जुनं आहे. तेराव्या शतकात ह्यू ऑफ सेंट-शेर नावाच्या डॉमिनिकन साधूनं आपल्या मठबंधूंना हाताशी धरून लॅटिन बायबलमधल्या शब्दांची सूची करवून घेतली: कुठला शब्द कुठे कुठे आला आहे, त्याचे ठावठिकाणे. आजचं शोधयंत्र तेच करतं, फक्त त्याला थंडीत बोटं गारठण्याचा त्रास नाही. पुढे १९७२ मध्ये केंब्रिजमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीनं त्यात एक सुंदर भर घातली. जो शब्द सगळ्याच कागदांत सापडतो तो काही सांगत नाही. जो मोजक्या ठिकाणी येतो त्याचं वजन जास्त. आज जवळपास प्रत्येक शोधयंत्राच्या हिशेबात ही गोष्ट कुठे ना कुठे मुरलेली आहे. मला ती गणितापेक्षा नीतिशास्त्राच्या जवळची वाटते. कारण या हिशेबानं आमच्या कंपनीतल्या 'तातडीचे' या शब्दाची किंमत काढली, तर ती शून्याला टेकते. प्रत्येक पत्र तातडीचं, प्रत्येक सूचना महत्त्वाची, प्रत्येक बैठक अत्यावश्यक. यंत्र शांतपणे या साऱ्या विशेषणांना फुंकर मारून उडवून लावतं, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या टिपणात कुणीतरी चुकून लिहिलेल्या 'चिंच' या शब्दाला सोन्याच्या भावानं तोलतं. (त्या टिपणाचा विषय आवारातलं झाड तोडावं की नाही असा होता. झाड अजून आहे.)

मला मात्र शोधयंत्र म्हटलं की आमच्या तालुक्याच्या कचेरीतले एक भाऊसाहेब आठवतात. रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात होती. लांबट, अंधारी खोली. छतापर्यंत लाकडी घोडे, त्यांवर तांबड्या फडक्यांत बांधलेले गठ्ठे, आणि जुन्या कागदाचा तो गोडसर, किंचित गुंगी आणणारा वास. वडिलांना एका फेरफाराची नक्कल हवी होती आणि शेपटासारखा मी मागे गेलो होतो. वडिलांनी अर्ज पुढे केला. भाऊसाहेबांनी तो घेतला नाही. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कशाला पाहिजे?" वडील जरा दुखावले. मागणाऱ्यानं मागावं, देणाऱ्यानं द्यावं. कारणं कशाला हवीत? तरी म्हणाले, "बँकेचं कर्ज काढायचंय." "मग फेरफार काय करायचाय, मास्तर? सातबारा न् आठ-अ न्या तलाठ्याकडून. भांडण असतं तर फेरफार काढून दिला असता. भांडण आहे का?" वडील म्हणाले, "नाही." "मग कशाला धूळ उडवायची?" असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. आम्ही हात हलवत बाहेर पडलो, आणि वडिलांचं काम तलाठ्याच्या चावडीत निघालं. मागितलेलं न देता हवं ते सांगणं, याला शोधयंत्रांच्या जगात 'मागणाऱ्याचा हेतू ओळखणं' म्हणतात, आणि त्यापायी जगभर अफाट पैसा खर्च होतो. भाऊसाहेब ते चष्मा वरखाली करून साधत.

त्यांना सगळं पाठ होतं, असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. गठ्ठ्यांचं त्यांना जेवढं ठाऊक होतं, त्याहून जास्त माणसांचं ठाऊक होतं. कुठल्या भावकीत वाद आहे, कुणाची विहीर सामाईक आहे, कुणाचं नाव दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिलं गेलंय, आणि कुठला अर्जदार विचारतोय एक पण शोधतोय दुसरंच. ते निवृत्त झाल्यावर खोली होती तशीच राहिली, एकही गठ्ठा जागचा हलला नाही. फक्त तिथे काही सापडेनासं झालं.

अर्थात, साऱ्या व्यवस्थेनं एका माणसाच्या कपाळावरच्या चष्म्यावर विसंबून राहावं हे काही बरं नव्हे, आणि आपल्याकडच्या महसूल खात्याला हे कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या आधी उमगलेलं होतं. तिथे सहा गठ्ठा पद्धत आहे. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे: प्रलंबित प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरलेल्या मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, कायमचे आदेश, रेकॉर्ड रूममध्ये धाडायचे कागद, आणि नष्ट करायचे कागद. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतलं दफ्तर, टेबलं, बसण्याच्या जागा असं सगळं नव्यानं लावून घेतलं, आणि ती घडी पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. यात कुठेही शोधयंत्र नव्हतं. कचेरीत आलेल्या माणसाला आपला कागद कुणाकडे आहे हे कळावं, आणि ज्याच्याकडे आहे त्याला तो कुठे ठेवलाय हे कळावं, एवढंच. आजच्या भाषेत वापरकर्ता आणि व्यवस्थापक या दोघांचीही सोय एका दमात झाली.

संगणकानं यातले पाच गठ्ठे कसेबसे उचलले आणि सहावा वाटेत सांडला. नष्ट करायचे कागद हा प्रकारच आमच्या कंपनीत उरलेला नाही. जागा स्वस्त झाली आणि पुसण्याची बोटं भित्री झाली. त्यामुळे प्रवासभत्त्याचे नियम शोधले की सगळ्या काळांतले प्रवासभत्ते एकदम उठून बसतात. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे, बंद पडलेल्या विमान कंपन्यांचे, आणि एका नियमात तर तार करण्याचा खर्चही मिळतो. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार की यांतला जिवंत कोणता? जुना नियम लांबलचक, त्यात 'भत्ता' हा शब्द पानोपानी आलेला. नवा नियम आटोपशीर. म्हणून यंत्र जुन्याला मान देऊन पुढे बसवतं. त्यात एकाच मसुद्याची 'अंतिम', 'अंतिम सुधारित' आणि 'हाच घ्यावा' अशी भावंडं. यात्रेत हरवलेलं पोर निदान रडून ओरडून जागा दाखवतं. इथे एकच पोर हरवलेलं असतं आणि त्याच्यासारखी सात पोरं हसतमुखानं पुढे येतात.

या पसाऱ्याचा एक फायदा होता, तो यंत्र आल्यावर कळला. जिथे काहीच सापडत नव्हतं, तिथे सगळंच गुप्त होतं. पगारांचे तक्ते, वार्षिक मूल्यमापनाचे शेरे, कुणाच्या तरी राजीनाम्याचे तीन मसुदे, हे सारं बऱ्याच कंपन्यांत वर्षानुवर्षं सर्वांना उघड्या असलेल्या फोल्डरांत पडलेलं असतं. त्याला कुलूप नसतं. पसारा हेच कुलूप. मग एक दिवस उत्तम शोध येतो, आणि त्याच्या पहिल्याच सकाळी कुणीतरी निरागसपणे स्वतःचं नाव टाकून पाहतं. त्यानंतर काही दिवस जिन्यात भेटणारी माणसं एकमेकांना जरा जास्तच जपून नमस्कार करतात. म्हणून आता ज्याला जेवढं पाहण्याचा अधिकार, तेवढंच त्याच्या पुढ्यात यावं याची चाळणी शोधातच बसवावी लागते. यंत्र बनवणाऱ्यांचा अर्धा वेळ शोधण्यात जातो आणि अर्धा न दाखवण्यात.

न सापडण्याचं दुःख आपण मोठं मानतो, पण त्याहून चमत्कारिक अवस्था म्हणजे सापडल्याचं समाधान. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये एक अभ्यास छापला. एका मोठ्या दाव्यातले जवळपास ४०,००० दस्तऐवज, म्हणजे साधारण साडेतीन लाख पानं, आयबीएमच्या शोधप्रणालीत भरलेली होती. वकिलांची अट अशी, की कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के हाती लागले पाहिजेत. शोध झाला आणि तेवढे लागले अशी त्यांची खात्रीही पटली. प्रत्यक्षात मोजलं तेव्हा कळलं की सरासरी २० टक्केच लागले होते. कारण दाव्यात आलेल्या एका अपघाताला कुणी अपघात म्हटलं होतं, कुणी 'ती घटना', ज्यांच्या अंगाशी येणार होतं त्यांनी 'ती दुर्दैवी परिस्थिती', आणि काहींनी तर 'मागच्या आठवड्यातला तो प्रकार' एवढ्यावर भागवलं होतं. ते वकील मला फार जवळचे वाटतात. आयुष्याचा पाचवा हिस्सा हाती लागला असताना पाऊण हिस्सा कळला, अशा थाटात वावरणारी पुष्कळ मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि ती सुखी आहेत. आता तर यंत्रं यादी न देता सरळ उत्तरच देतात, गोड, सलग, घडीव वाक्यांत. पाचव्या हिश्श्यावरून पाऊण हिश्श्याच्या आत्मविश्वासानं बोलण्याची कला त्यांनी कुणाकडून उचलली, हे मला त्या वकिलांमुळे कळलं.

विकासक मंडळींबद्दल मात्र माझं मत मऊ आहे, आणि त्याला कारण आहे. डग कटिंग या अमेरिकन माणसानं १९९९ च्या सुमारास एक शोधसंच लिहिला आणि त्याला बायकोचं मधलं नाव दिलं, ल्युसीन. पुढे शे बॅनन नावाच्या इस्रायली विकासकाची बायको लंडनला पाककला शिकायला गेली, तेव्हा हा गडी नोकरीच्या शोधात होता. रिकाम्या वेळात तिच्या पाककृती शोधण्यासाठी तो काहीतरी लिहू लागला. त्या खटाटोपातून, ल्युसीनच्याच पायावर, २०१० मध्ये इलास्टिकसर्च उभं राहिलं, आणि आज अगणित कंपन्यांचा शोध त्यावर चालतो. पाककृतींचा शोध मात्र तिला अजून मिळालेला नाही, असं त्या गोतावळ्यात गमतीनं सांगतात. जगातल्या रूक्षातल्या रूक्ष कागदांचा, निविदांचा आणि लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांचा धांडोळा घेणारं यंत्र एका बाईच्या नावावर आणि दुसरीच्या स्वयंपाकावर उभं आहे, हे कळल्यापासून मी शोधाच्या त्या पांढऱ्या खिडकीत शब्द टाकताना थोडा सौम्य झालो आहे.

पण यंत्र मराठी कचेरीत आलं की त्याची खरी परीक्षा सुरू होते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेली आमची जुनी परिपत्रकं पाहा. डोळ्याला स्वच्छ 'परिपत्रक' दिसतं, आणि यंत्राला त्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांचा चिवडा. आपण दोघे एकाच कागदाकडे पाहत असतो आणि एकाला अक्षर दिसतं, दुसऱ्याला निरक्षरता. बरं, युनिकोड आलं तरी 'रजा' शोधणाऱ्याला 'रजेचा' आणि 'रजेवर' दाखवायचं तर यंत्राला थोडं व्याकरण शिकवावं लागतं. आणि रोमन अक्षरांत लिहिली की रजेचा एकदम राजा होतो, मग संस्थानिकांच्या तनख्यांवरचं कुणाचं तरी भाषण वर येतं.

कागद अनोळखी डोळ्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागू शकतो, याचं एक भव्य उदाहरण पुण्यातच आहे. पेशव्यांचं राज्य १८१८ मध्ये संपलं. मागे उरलं मोडीतलं दफ्तर, रुमालांमागून रुमाल, खर्च, खबरी, तक्रारी, थकबाक्या. त्यातले निवडक कागद शोधून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ४५ खंड छापवले ते १९३० ते १९३४ या काळात. संस्था बंद पडल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी तिची शोधसेवा या थराला पोचली. एखाद्या कारकुनानं कुठल्याशा मुक्कामावरून दाण्यावैरणीची टंचाई कळवली असेल, तेव्हा उत्तर उद्या यावं एवढीच त्याची अपेक्षा असणार.

आमच्या कंपनीत कागदांची आणि शोधाची ही सगळी भुतं सांभाळणारी एक मुलगी आहे. तिच्या हुद्द्यात 'प्रशासक' हा शब्द आहे, पण तिच्या कामात प्रशासन कमी आणि शुश्रूषा जास्त. दर आठवड्याला तिच्याकडे एक यादी येते: लोकांनी काय शोधलं आणि 'काहीही आढळले नाही' असं उत्तर कशाकशाला गेलं. कुणी शोधलं ते त्यात नसतं, फक्त शब्द असतात. यादीचा वरचा भाग कंटाळवाणा. पार्किंगचा पास, सुट्ट्यांची यादी, कुठल्याशा प्रिंटरचा नंबर. खाली खाली जावं तसं मात्र माणूस दिसू लागतो. 'बाबांचं ऑपरेशन'. 'मुलीचं लग्न पैसे'. 'साहेबांशी पटत नाही'. रात्री उशिरा कधीतरी 'नोकरी सोडू का'. त्या पांढऱ्या चौकटीसमोर एकटं बसल्यावर माणसं फॉर्मचा क्रमांक विसरतात आणि जे आहे ते लिहून टाकतात, आणि यंत्र तितक्याच प्रांजळपणे सांगतं की असं काही या संस्थेत नाही.

ही मुलगी मग समानार्थी शब्दांच्या यादीत एकेक ओळ घालते. 'बाबांचं ऑपरेशन' टाकलं की वैद्यकीय विम्याचं पान आणि कुटुंबाच्या आजारपणासाठीची रजा. 'मुलीचं लग्न' टाकलं की भविष्यनिर्वाह निधीतून आगाऊ रक्कम काढण्याचा नियम. भाऊसाहेबांचा चष्मा आता तिच्या कपाळावर आहे, फक्त समोर उभा असलेला माणूस तिला कधी दिसत नाही. शोधाची यंत्रणा लिहिणारा आमचा तरुण विकासक सुरुवातीला या ओळींवर चिडायचा. एकदाच आलेला शब्द म्हणजे निव्वळ कचरा, त्यावरून यंत्राला वळण लावायचं नसतं, असं त्याचं शास्त्र. तसं त्याचं चूक नाही. जगात कोट्यवधी माणसं एकच गोष्ट शोधतात, म्हणून तिथलं यंत्र गर्दीकडून शिकतं. आमच्याकडे गर्दी कुठली? "वडील प्रत्येकाला एकेकच असतात," ती त्याला टपरीवर म्हणाली, "तुझ्या आकड्यांत यायला अजून किती लागतील?" त्यानं चहा संपवला आणि विषय बदलला. पण हल्ली त्या यादीत काही ओळी त्याच्या हातच्याही आढळतात, असं ती सांगते.

सध्या दोघांचं वाजलंय ते एका शोधावरून. कुणीतरी दुपारी 'फार कंटाळा आलाय' असं टाकलं होतं, आणि मग पुन्हा कुणीतरी टाकलं, म्हणजे आता ते शास्त्रातही बसतं. त्याचं म्हणणं, रजेचा अर्ज दाखवावा. मनुष्यबळ विभागातल्या मॅडमना तिथे मनःस्वास्थ्यावरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ हवा आहे. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी मी चिंचेच्या टिपणाची शिफारस केली. निर्णय व्हायचा आहे. तोवर तिनं तात्पुरतं म्हणून कँटीनचं वेळापत्रक जोडून दिलंय, आणि लोक ते उघडतात, बटाटेवडा बुधवारी असतो हे वाचतात, आणि कामाला लागतात.